अंगठ्याच्या जागी सही

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी नागपूर सोडून वसईकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मास्तर झालो होतो. रविवारी तिथल्या चर्चमधल्या लग्नांच्या जुन्या नोंदी उतरवून देत असे. एकदा जाड चष्म्याची एक म्हातारी आत आली.

"भाऊ, आमच्या लगनाची नोंद पाहाची होती."

ती नागपुरी बोली ऐकून मी उठूनच उभा राहिलो. ती मूळची याच गावची. रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर नागपूरला गेली, ती पन्नास वर्षांनी आली होती. नोंद सापडली. नवऱ्याची सही होती, तिचा अंगठा. त्यावर बोट फिरवत ती म्हणाली, "आता मले सही येते. यायनंच शिकवली. इथं करू काय?"

"जुन्या पानावर नाही," शेजारच्या टेबलाशी बसलेले चर्चचे फादर हसले, "पण पन्नास वर्षांच्या संसाराला आशीर्वाद देतो. त्याची नोंद नव्या वहीत करू."

ती दाराकडे वळून ओरडली, "अवो, आत या! तुमचं लगन लागून राहिलं!"

म्हातारा टोपी सावरत धावत आला. आशीर्वाद झाल्यावर तिने जीभ दातांत धरून नव्या वहीत सही केली. त्याने वाकून पाहिलं. "वेलांटी चुकली."

"शिकवणाराची चूक," ती म्हणाली.

साक्षीदार म्हणून खाली सही करताना मी हसत हसत माझीही वेलांटी दोनदा तपासली.