दादा रेषा शिवून परत यायचा

दादाचे किस्से एसीच्या फिल्टरमधल्या धुळीसारखे. झटकून साफ केले, तरी पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेवढेच! दोन महिन्यांपूर्वी दादा, माझा थोरला भाऊ, गेला. वर्कशॉपमध्ये बसल्याजागी, हार्ट. किस्से मात्र थांबत नाहीत.

*

दादा एसी मेकॅनिक. इथे आखातात, माहूज भागातल्या एका फ्लॅटमध्ये कामाला गेला, तर कुत्रा मागे लागला. दादा सोफ्यावरून, टेबलाखालून निसटत दाराबाहेर! मालक अमेरिकन. तो हसत म्हणाला, "फ्रायडे फ्री?"

अशी दादाची अमेरिकन फुटबॉलमध्ये भरती झाली. मी गेलो टाळ्या वाजवायला.

*

हा कसला फुटबॉल? चेंडू छातीशी धरून पळायचं आणि पलीकडची रेषा ओलांडायची. झाला टचडाउन!

दादा गावचा कबड्डीपटू. पहिल्याच मॅचला चौघांना चकवून रेषेपार गेला आणि चेंडू घेऊन तसाच उलटा पळत आला!

कॅप्टन ओरडला, "स्टॉप! स्टॉप!"

दादा म्हणाला, "मी नाय थांबणार! घर इकडं आहे!"

शेवटी आमच्याच टीमने त्याला धरला.

*

या खेळात कमरेला पट्टी खोचतात. समोरच्याने ती ओढली की तुम्ही बाद. दादाने ती चड्डीच्या नाडीलाच पक्की गाठ मारून बांधली. एका धिप्पाड गड्याने ओढली... पट्टीबरोबर चड्डीही गेली! तरी दादा पळतच होता.

*

पळताना तो "कबड्डी, कबड्डी" म्हणायचाच. धिप्पाड गड्याने तक्रार केली, "हा शिव्या देतो!"

रेफरीने विचारलं, पण दादा उत्तर देईना. दम तुटला असता ना! परत आल्यावर म्हणाला, "हां, आता विचारा."

*

मैदानात उतरताना दादा माती कपाळाला लावायचा. एका शुक्रवारी बघतो तर सगळी टीम सलमाबादच्या मैदानातली वाळू कपाळाला लावतेय! कॅप्टनच्या डोळ्यात गेली, अर्धी मॅच तो एका डोळ्याने खेळला.

*

गेल्या शुक्रवारी कॅप्टनने दादाचा टी-शर्ट माझ्यापुढे धरला. दोन महिने मी नको म्हणत होतो. या वेळी हिसकावूनच घेतला.

वाळू कपाळाला लावली. चेंडू हातात आला. "यल्ला! चला!" म्हणत पळालो. रेषा ओलांडली. टचडाउन!

आणि वळून दादासारखंच "कबड्डी" म्हणत परत पळत सुटलो. रेषेपार थांबायचं, हा नियम मला दोन वर्षांपासून पाठ आहे.

कोणीच अडवलं नाही. कॅप्टनही ओरडला नाही. मधल्या रेषेजवळ माझा दम तुटला.

तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने सुरू केलं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

तोच धिप्पाड गडी!