दादाचं मत

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बाबांच्या बँकेतल्या बदलीने आम्ही साताऱ्याहून उज्जैनला आलो तेव्हा दोघंही इतके लहान होतो, की आमची भांडणं लवकरच हिंदीत व्हायला लागली. माधव नगरात भाड्याचं घर होतं. कॉलेजात गेल्यावर दादाला इंग्रजी रॉकचं वेड लागलं, तेही सगळ्यांना माहीत असलेल्या बँडांचं नाही. चार पोरांनी कुठल्यातरी गॅरेजमध्ये वाजवून एखाद्या छोट्या कंपनीकडून काढलेली, फारशी कुणी न ऐकलेली गाणी त्याला आवडायची. तसल्या कॅसेटी उज्जैनला कुठून मिळणार? इंदूरच्या एका दुकानदाराला त्याने पटवलं होतं. तो मुंबईहून मागवायचा आणि दादा रविवारी बसने जाऊन घेऊन यायचा.

नवी कॅसेट आली की आम्ही दोघं मागच्या खोलीत बसायचो. तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, असा दादाचा नियम होता. मी पहिल्याच गाण्याला छान म्हटलं की तो वैतागायचा. तिसऱ्यांदा ऐकून झालं की मग त्याला थांबवणं कठीण. ह्या बँडला पहिल्या कॅसेटच्या वेळी भूक होती, आता पोट भरलंय. ह्या गायकाला सूर लागत नाही, पण म्हणूनच तो खरा वाटतो. मी मुद्दाम उलट बोलायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, एवढं भांडायला तुम्हाला त्यातलं कळतं तरी काय. खरं तर अर्धे शब्द आम्हालाही कळत नव्हते.

केबल आली आणि अमेरिकेतला संगीत पुरस्कारांचा सोहळा घरात दिसायला लागला. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. बाबा पूजेला बसलेले, आणि आम्ही आवाज बारीक करून टीव्हीसमोर. दादाच्या बँडांचं नाव क्वचित यायचं, बक्षीस तर नाहीच. तरी तो दरवर्षी तेवढ्याच आशेने बसायचा आणि खट्टू होऊन उठायचा. ज्याचं जास्त विकलं जातं त्यालाच देतात, म्हणायचा. एका वर्षी मात्र त्याच्या लाडक्या बँडला खरंच एक बक्षीस मिळालं. मी टाळ्या वाजवल्या. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "आता हे आपले नाही राहिले."

तो स्वतः गिटार वाजवायचा. त्याचा ड्रमर मित्र उज्जैनजवळच्याच भैरवगढचा होता, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठप्प्यांची छपाई चालायची. तिसरा रेल्वे कॉलनीतला, तो गायचा. छपाईच्या कारखान्यामागे रंगाचे डबे ठेवायची खोली होती, तिथे तिघं सराव करायचे. गाणी त्यांची स्वतःची, हिंदीतली, बहुतेक दादाने रचलेली. इंदूरला भजनं रेकॉर्ड होत अशा एका स्टुडिओत त्यांनी त्यातली दोन रेकॉर्ड केली आणि एका म्युझिक चॅनलच्या नव्या बँडांच्या स्पर्धेला पाठवली.

त्याच सुमारास दादा नव्या कॅसेटींवर नाराज राहायला लागला. सगळ्यांचं रेकॉर्डिंग बिघडलंय, म्हणायचा, वरचे आवाज दाबून टाकतात, मजा नाही येत. मला तसं काही वाटत नव्हतं. पण ह्यातलं त्याला जास्त कळतं म्हणून मी मान डोलवायची.

मग साताऱ्याहून आत्या आली. तिला संध्याकाळच्या आरतीला राम घाटावर नेलं. आम्ही अगदी पुढे उभे होतो. नगारा, घंटा, शंख, सगळं एकदम सुरू झालं. दादा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आज झांजा नाहीयेत का गं?"

झांजा वाजवणारा माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी बोट दाखवलं. दादा त्या माणसाच्या हातांकडे बघत राहिला. झांजा एकमेकींवर आपटत होत्या आणि तो बघत होता. आरती संपली, आत्याने शिप्रेत दिवा सोडला. परतताना टांग्यात तो घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांकडे कान लावून बसला होता.

इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाची नस कमजोर होत चाललीय, दोन्हीकडची. औषध नाही. ऐकू येणं कमीच होत जाणार. आईने विचारलं, त्या ड्रमच्या आवाजाने झालं का. डॉक्टर म्हणाले, नाही, हे व्हायचंच होतं. आईला ते पटलं नाही. कितीतरी महिने ती त्या कॅसेटींकडे वैऱ्याकडे बघावं तशी बघायची. दादाला कानात लावायचं मशीन मिळालं. त्याने समोरच्याचं बोलणं कळायचं, पण गाणं लावलं की पत्रा फरफटत नेल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला.

अशात शेजाऱ्यांकडे मुंबईहून फोन आला. दादाच्या बँडचं गाणं स्पर्धेत निवडलं गेलं होतं. चॅनलच्या पुरस्कारांच्या कार्यक्रमात स्टेजवर येऊन वाजवायचं होतं. दादा सरावाला गेला आणि लवकरच परत आला. गिटारच्या तारा त्याला जुळवता येत नव्हत्या. त्यानेच आपल्या जागी इंदूरचा एक गिटारवाला शोधून दिला. ड्रमर आमच्या अंगणात येऊन म्हणाला, "तेरे बिना मैं नहीं जाऊँगा." दादाने त्याची समजूत घातली, स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं आणि सायकलवरून एकटा घरी आला.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. एरवी कधी तिकडे न फिरकणारे बाबासुद्धा. गाणं सुरू झालं तेव्हा दादा पडद्यावरच्या नव्या मुलाची बोटं बघत होता. "बरोबर वाजवतोय," असं स्वतःशीच म्हणाला. थोड्या वेळाने नाव पुकारलं. बक्षीस त्यांनाच होतं. आई रडायला लागली. गायकाने माइक हातात घेतला, चॅनलचे, आईवडिलांचे, मुंबईतल्या कुणाकुणाचे आभार मानले. त्यात दादाचं नाव नव्हतं. ड्रमर माइककडे सरकताना दिसला, पण तेवढ्यात जाहिराती लागल्या.

दादाने विचारलं, "काय म्हणाला तो?"

बाबा उठून त्याच्याजवळ गेले, मशीनपाशी तोंड नेऊन म्हणाले, "हे गाणं तुझं आहे, असं म्हणाला."

दादा हसला. बाबांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

गायक मुंबईतच राहिला. ड्रमर आठवड्याच्या आत भैरवगढला परतला. पुढे त्याने दादालाही कारखान्यात घेतलं, रंग कालवण्याच्या कामावर. दादाचा हात त्यात चांगला बसला. घरी येताना नखांत निळा-लाल रंग घेऊन यायचा.

इंदूरच्या दुकानदाराकडून आता मी कॅसेटी आणायची. तीनदा ऐकायची आणि दादाला सांगायची, सुरुवात कशी आहे, गिटार कुठे येते, गायक कुठे चिरकतो. तो नेमके प्रश्न विचारायचा, कधी माझ्या वर्णनावरूनच मत देऊन टाकायचा. वर्षभर असं चाललं. एका दुपारी मी मोठ्या उत्साहाने सांगत होते आणि त्याने माझा हात धरला.

"आता नको सांगत जाऊस," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही ह्याची सवय झाली. तुला येतं, ते जड जातं."

आवाजात राग नव्हता. मी बरं म्हटलं. त्यानंतर आम्ही कापडाबद्दल बोलायचो, आईच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या लग्नाबद्दल. चांगलं बोलायचो. पण पूर्वी कशावरून भांडत होतो ते दोघांपैकी कुणीही कधी काढलं नाही.

लग्नानंतर मी पुण्याला आले. इथे कॅसेटींची आणि मग सीडींची मोठी दुकानं होती. नवं काही आलं की काचेत लावायचे, हेडफोन देऊन ऐकवायचेही. मी जायची, उभ्याने एखादं गाणं ऐकायची. आवडलं की नाही, तेच मला ठरवता यायचं नाही. काउंटरवरचा माणूस विचारायचा, पॅक करू का ताई? मी नको म्हणून हेडफोन परत द्यायची आणि बाहेर पडायची.