डाव्या हाताचा पेला

मेहिटेबल थर्लो माझी शेजारीण. आमच्या न्यूपोर्टात ती चांदीकाम करते, मी मेणबत्त्या ओतते. तिची ठोकठोक वीस वर्षं माझ्या भिंतीतून ऐकतेय. गाव मात्र म्हणायचं, काम तिच्या नवऱ्याचं, एसाचं. बायको नुसता भट्टीचा भाता ओढते. डोळे होते की गारगोट्या?

एसा या वसंतात छातीच्या दुखण्याने गेला. चांदीचा कस बघणारं सरकारी खातं आमच्याकडे नाही. लोक स्पॅनिश नाणी आणून देतात, वितळवून चमचे, पेले करून घेतात आणि खालचा कारागिराचा ठसा बघून विश्वास ठेवतात. एसाच गेला म्हटल्यावर गिऱ्हाईकं बिचकू लागली. तिच्या बोस्टनच्या दिराचं एकच टुमणं, हत्यारं विक आणि आमची पोरं सांभाळायला ये.

आशा एकच उरली होती. चर्चमधल्या द्राक्षारसाच्या पेल्याच्या जोडीला तसाच दुसरा हवा होता. ते काम मिळालं तर दुकान टिकणार होतं. चर्चचे कारभारी ओबडाया क्रेन जुना पेला घेऊन आले, तेव्हा मी मुद्दाम तिथेच घुटमळत राहिले.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "काम बोस्टनला देतोय. एसाचा हात आता कुठून आणायचा? तुम्ही फक्त याचं माप काढून द्या."

मेहिटेबलने पेला उलटा धरला. "बैठकीच्या आत बघा, कारभारी. हातोडीच्या खुणा कुठे कलल्यात?"

मग तिने डाव्या हातात हातोडी घेतली आणि चांदीच्या पत्र्यावर चार घाव घातले. खुणा हुबेहूब तशाच कलल्या. शेजारी एसाने घडवलेला जुना चांदीचा मग ठेवला. त्याच्या खुणा बरोब्बर उलट्या.

"एसा उजव्या हाताने ठोकायचा. बारा वर्षं तुम्ही माझ्याच हातच्या पेल्यातून पिताय."

"आणि कुणाचं पोट दुखलेलं नाही हं!" मला राहवलंच नाही.

कारभाऱ्यांचे कान लाल झाले. पेला त्यांनी तीनदा फिरवून पाहिला.

"दुसराही तुम्हीच करा," ते शेवटी म्हणाले. "पण त्यावर एसाचा ठसा चालायचा नाही. तुमचा आहे का?"

मेहिटेबलने खणातून फडक्यात गुंडाळलेला ठसा काढला. तिच्याच नावाची अक्षरं, धार अजून कोरी. "एसाने कोरून दिलाय. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"मग इतकी वर्षं मारला का नाहीत?"

"आजवर कुणी मागितलाच नाही," ती म्हणाली.