गेला आणि गेले

नंदुरबारच्या त्या कार्यालयात मी लागले तेव्हा माझं काम सोपं होतं. पाड्यांवरून येणारे फॉर्म संगणकात भरून घ्यायचे, त्यातल्या चुका काढायच्या आणि महिन्याच्या शेवटी सरांच्या टेबलावर तक्ते ठेवायचे. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. शहाद्याकडे आमचं घर. शेतात केळी आणि कापूस, वडील शाळेत मास्तर. मी नेमकं काय करते हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

"तू डाक्टर शे का?" ती आमच्या अहिराणीत विचारायची.

"नई."

"मंग लोकेसना पोरेसनं वजन तुले कसाले लागस व माय?"

मी हसून विषय बदलायचे. खरं तर त्या वजनांवरच माझा पगार होता. एका संस्थेने नवापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या काही पाड्यांवर दोन वर्षांखालच्या मुलांना रोज पूरक आहाराची एक पुडी द्यायला सुरुवात केली होती. दर महिन्याला कार्यकर्ती घरोघर जाऊन मुलांची वजनं घ्यायची. पुडीने वजन वाढतं की नाही, हे वर्षाच्या शेवटी आम्ही सांगायचं होतं.

सर म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. त्यांचं सगळं आयुष्य कृषी संशोधनात गेलेलं. ज्वारीच्या आणि कापसाच्या वाणांच्या चाचण्या लावायच्या, वाफे पाडायचे, उत्पन्नाची तुलना करायची. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम घेतलं होतं. माणूस सज्जन, कोणावर आवाज न चढवणारा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "सर, काही मुलांची वजनं मधूनच थांबतात. त्यांचं काय करायचं?"

ते म्हणाले, "चाचणीत एखादा वाफा वाहून गेला तर काय करतो आपण? तो वगळतो आणि उरलेल्या वाफ्यांवर गणित करतो. इथेही तेच."

मला ते पटलं. पुस्तकातही जवळपास तसंच होतं.

फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असा रकाना होता आणि त्यासाठी चार कोड: हजर, घरी नाही, स्थलांतर, नकार. मृत्यूसाठी वेगळा फॉर्म होता, आणि डॉक्टरची सही असल्याशिवाय तो घ्यायचा नाही असा नियम होता. वर्षभरात तसे फॉर्म आमच्याकडे जवळजवळ आलेच नाहीत. हे चांगलं लक्षण आहे, असं आम्ही समजत होतो.

दिवाळीनंतरचे फॉर्म आले तेव्हाची गोष्ट. माहिती भरणारी मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, या पाड्याच्या ताई कोड टाकत नाहीत, शब्दांत लिहितात. 'गेले' असं लिहिलंय. याचं काय करू?"

दिवाळी झाली की त्या भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर गुजरातेत जातात. मी मान वर न करता सांगितलं, "स्थलांतर. तीन नंबर टाक."

"काही ठिकाणी 'गेला' आहे."

"तेही तीनच."

ती गेली आणि तिने तीन टाकले. हे दोन वाक्यांचं बोलणं मी नंतर इतक्यांदा आठवलं आहे की तिच्या कानातले डूलसुद्धा मला दिसतात.

त्यानंतर महिन्यागणिक सरासरी वजनाची रेघ वर चढत गेली. फार नाही, पण सरळ, कुठेही न डगमगता. मुलं वाढत्या वयाची, त्यामुळे वजन वाढणारच. म्हणून मी वयाचा परिणाम काढून टाकून पुन्हा गणित केलं. तरी रेघ वरच. पुण्याहून संस्थेचे लोक आले तेव्हा मी ती पडद्यावर दाखवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, "हे काम आता मोठ्या प्रमाणावर न्यायला हवं." सरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या संध्याकाळी मी गावाकडे पेढे घेऊन गेले.

होळीनंतर पडताळणी होती. यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही घरं निवडायची आणि तिथे जाऊन वजनं पुन्हा घ्यायची, म्हणजे कार्यकर्तीने बसल्या जागी आकडे भरलेले नाहीत याची खात्री होते. बाहेर गेलेली माणसं होळीला घरी परततात, म्हणून मी 'स्थलांतर' वाली घरंही यादीत घेतली. त्यांची थांबलेली वजनं परत सुरू करता आली तर माझे आकडे अधिक पक्के होणार होते. नेहमी जाणारे पर्यवेक्षक रजेवर होते, त्यामुळे मीच निघाले. वर्षभरात कार्यालय सोडून पाड्यावर जायची ती माझी पहिली वेळ.

खांडबाऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा कार्यकर्ती ताई स्टेशनवर आलेल्या होत्या. त्याच पाड्यातल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. घरी त्यांची बोली वेगळी. माझ्याशी मात्र शाळेतलं, स्वच्छ, थोडं जपून वापरलेलं मराठी बोलायच्या. जीपने अर्धी वाट आणि पुढे चालत आम्ही पाड्यावर पोचलो. त्यांच्या खांद्यावर लटकवायचा वजनकाटा आणि त्याची निळी झोळी होती.

यादीतलं पहिलं घर कुडाचं, समोर सारवलेलं अंगण. बाई दारातच मोहाची फुलं वाळत घालत होती. दोन पोरं अंगणात होती, एक पाचेक वर्षांचं, एक त्याहून मोठं. मी यादी पाहिली. मला हवं होतं ते मूल त्या वेळी चौदा-पंधरा महिन्यांचं असायला हवं होतं.

"तुम्ही गुजरातेतून कधी आलात?" मी विचारलं.

ताईंनी तिला तिच्या बोलीत विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे लोक या वर्षी गेलेच नाहीत मॅडम. हिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता."

"मग लहानगा कुठाय?"

हे मात्र ताईंनी तिला विचारलं नाही. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तो गेला ना मॅडम. मी लिहिलं होतं."

"कुठे गेला?"

मी खरंच असं विचारलं. आजीकडे ठेवला असेल, मामाकडे असेल, असंच काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ताईंनी आवाज खाली आणला. "गेला म्हणजे वारला, मॅडम."

बाईला मराठी फारसं येत नव्हतं, पण आमचं काय चाललंय ते तिला कळलं असणार. तिने फुलं पसरणं थांबवलं, उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यायले. ताईंनी काटा खांद्यावरून उतरवलाच नाही.

दुसरं घर बंद होतं. ती माणसं खरोखरच बाहेर गेली होती आणि अजून आलेली नव्हती. तिसऱ्या घरी आजी एकटी होती. तिने आम्हाला बसायला खाट दिली आणि न विचारताच सांगायला लागली. ताई मला मराठीत सांगत गेल्या: पोरीला जुलाब लागले, दोन दिवस अंगावर काढले, तिसऱ्या दिवशी न्यायला निघाले, वाटेत. 'वाटेत' हा शब्द ताईंनी दोनदा उच्चारला.

चौथ्या घरी मी बाहेरच उभी राहिले.

दुपारी ताईंच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्यांनी भाकरी आणि तुरीची डाळ वाढली. मला जेवण जाईना. मी पिशवीतून वर्षभराच्या फॉर्मच्या प्रती काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांचं अक्षर गोल, शाळेतल्या मुलीसारखं. त्यांनी एकेक कागद उचलून मला दाखवला.

"हे बघा. जे कामाला गेले तिथे मी 'गेले' लिहिलंय. घर गेलं, सगळे गेले. आणि इथे 'गेला'. इथे 'गेली'. एकटं पोर कुठे जाईल मॅडम? चालताही येत नाही त्याला."

मी म्हणाले, "ताई, 'मृत्यू' असं का नाही लिहिलंत?"

"त्याचा फॉर्म वेगळा. त्याला डॉक्टरची सही लागते. यांना डॉक्टरने बघितलंच नाही, तर सही कोण करेल? दोनदा मी तसाच फॉर्म पाठवला होता, परत आला." मग म्हणाल्या, "शेऱ्यात लिहायचं तर आईच्या समोर बसून लिहायचं. 'काय लिहिते' म्हणून ती विचारते, मग मी वाचून दाखवते. 'मेला' कसं लिहू? शाळेत आमच्या सरांनी शिकवलं होतं, माणसाला मेला म्हणू नये, गेला म्हणावं."

माझी मातृभाषाही शाळेतलं मराठी नव्हे. मीही ते मास्तर असलेल्या वडिलांकडूनच शिकले होते, आणि मलाही हेच शिकवलेलं होतं. तरी मी तीन नंबर सांगितला होता.

त्या संध्याकाळी परत येताना गणित मला कागदाशिवाय दिसायला लागलं. ज्या मुलांची वजनं थांबली ती यादीतली सर्वांत हलकी मुलं होती. दर महिन्याला तळातली काही नावं गळत होती, आणि तळ गळला की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर येते. कुणाचं वजन एक ग्रॅमने वाढायची गरज नाही. पुण्याच्या लोकांनी ज्या रेघेला टाळ्या वाजवल्या, ती या मुलांच्या जाण्याने चढली होती.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मृत्यू हा आपल्या अभ्यासाचा विषय नव्हता," ते म्हणाले.

"हो, सर."

"अहवाल पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. तळटीप देता येईल."

माझ्यात भांडायची ताकद नव्हती आणि भांडावं असा तो माणूसही नव्हता. मी फक्त ताईंनी लिहिलेले कागद त्यांच्या टेबलावर ठेवले, त्यातल्या प्रत्येक 'गेला' आणि 'गेली'खाली पेन्सिलने रेघ मारलेले. ते वाचत बसले. मी माझ्या जागेवर जाऊन काम केल्यासारखं करत राहिले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मग त्यांनी मला आत बोलावलं.

"वाफा गेला तर आधी तो का गेला ते बघायचं असतं," ते म्हणाले. "पुराने गेला तर गोष्ट वेगळी, किडीने गेला तर वेगळी. कीड हेच चाचणीचं उत्तर असतं. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तुला सांगायचं राहिलं." त्यांचा आवाज नेहमीइतकाच शांत होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी सगळ्या पाड्यांचे मूळ फॉर्म काढले. जिथे एकवचन होतं किंवा नुसताच तीन नंबर होता तिथे फोन केला, फोन लागला नाही तिथे कार्यकर्तीला घरी पाठवलं. दर संध्याकाळी यादी वाढायची. काही मुलांची जन्माचीच नोंद कुठे झालेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या मृत्यूची नोंद करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत एका कारकुनाने मला समजावून सांगितलं, "जन्मलाच नाही कागदावर, तर मेला कसा दाखवू?" तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली होती.

नवं गणित केलं तेव्हा रेघ आडवी झाली. पुडीने फरक पडला होता असं म्हणता येत नव्हतं, नव्हता पडला असंही ठामपणे म्हणता येत नव्हतं. सरांनी अहवालात तसंच लिहिलं आणि मृत मुलांचा तक्ता पहिल्या पानावर घातला. संस्थेने अहवाल छापताना तो मागच्या परिशिष्टात नेला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. पत्रात कारण लिहिलं होतं, माहितीच्या दर्जाबद्दल शंका.

कार्यकर्तींचं मानधन त्या महिन्यापासून बंद झालं. ताईंना हे मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं मॅडम," आणि काटा कुठे जमा करायचा ते विचारलं.

सर जळगावला मुलाकडे राहायला गेले. मी आता नंदुरबारमध्ये एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. अपूर्ण माहितीचा धडा आला की माझा तास लांबतो, विद्यार्थी घड्याळाकडे बघतात. मी सूत्र थोडक्यात उरकते आणि फॉर्म कोणी भरला, कुठल्या भाषेत, कुणाच्या समोर बसून, हेच विचारत राहते. परीक्षेत यावर प्रश्न येत नाही हे त्यांना माहीत असतं.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी नवापूरला जायचं झालं, तेव्हा ताई तिथे एका कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहेत असं कळलं. मी भेटायला गेले. त्या फाटकाबाहेर आल्या, तोंडावरचं फडकं खाली ओढलं. केस बरेच पिकले होते. मुलाने बारावी केली, सुरतेला कामाला लागला, असं सांगितलं. मी आता काय करते ते विचारलं. मी सांगितलं.

"त्या बायांकडे नंतर कोणी गेलं का मॅडम?" त्यांनी विचारलं. "तुमच्या ऑफिसातून, सरकारातून, कुठूनही?"

"मला तरी माहीत नाही, ताई."

"नाही ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, इतकं सगळं लिहून घेतलंत तर येतील कोणी."

आतून त्यांना कोणीतरी हाक मारली. त्यांनी फडकं वर चढवलं, माझा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि आत गेल्या.