आरोपीविना नोंदलेली साक्ष

पोलिसाच्या नोकरीत शेकडो गुन्हे पाहिले, बरेचसे विसरलोही. दिंद्रुड भागातला हा खून मात्र अजून मनातून जात नाही.

उभ्या ज्वारीत मेंढरं शिरली म्हणून एका जमीनदाराने मेंढपाळाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली आणि तो पसार झाला. पाहणारी एकटी मयताची आई. तपास माझ्याकडे होता. वॉरंट निघाले, गावात दवंडी पिटली, उद्घोषणा त्याच्या दारावर डकवली, जमीन जप्त झाली. प्रत्येक अहवालात तेच वाक्य : आरोपी मिळून आला नाही.

म्हातारी दर बाजारच्या दिवशी ठाण्यात यायची.

"घावला का, सायेब?"

"न्हाई, मावशी."

पुढे तिला दम्याने गाठले. ठाण्याच्या चार पायऱ्याही तिला चढवेनात. तेव्हा सरकारी वकिलांनी अर्ज केला, की आरोपीच्या गैरहजेरीत तिची साक्ष नोंदवून घ्यावी. तो फरारी आहे आणि लवकर सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगितले. मग ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, "बोट कुणाकडं दावू?"

"नाव सांगा, आजी," न्यायाधीश म्हणाले.

तिने नाव सांगितले, पाहिले ते सगळे सांगितले, अंगठा उठवला. त्याच हिवाळ्यात ती वारली.

खुनानंतर सात वर्षांनी, दोन बदल्या होऊन मी जिल्ह्यात परतलो होतो. एका दुपारी आरोपीची बायको स्वतःहून आली.

"परळीला थर्मलच्या राखेच्या गाडीवर हाय त्यो. तिकडं दुसरीसंगं घर केलंय."

दाढी वाढवलेला, नाव बदललेला तो आम्हाला तिथेच सापडला. चौकशीला बसवले, पाणी दिले. आधी तो आपण तो नव्हेच म्हणत होता. मग हळूच म्हणाला, "म्हातारी हाय का अजून?"

"न्हाई. गेली."

त्याचे खांदे सैल पडले. मग मी सांगितले, "पण जायच्या आधी ती कोर्टात बोलून गेली." तो पाणी प्यायचा थांबला.

त्याच साक्षीवर जन्मठेप झाली. निकालाला मयताकडचे कोणीच नव्हते. त्यांचा कळप लांब कुठे चरायला गेला होता.

फरारी माणूस सतत पळत असतो, असे मला वाटायचे. हा मात्र सात वर्षं एका जागी राहून म्हातारी मरायची वाट बघत होता. तेव्हापासून हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो : आरोपी मिळेल तेव्हा मिळेल, साक्षीदाराचे वय आधी बघा. एवढे शिकलो. पण तिला "घावला, मावशी" म्हणायचे राहून गेले.