बाबांच्या हाताच्या उंचीवर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांनी एकच गोष्ट मागितली: मागच्या बाल्कनीतल्या माशांच्या दोन्ही टाक्या पलंगाशेजारी आणा. डावा पाय ओढत बाल्कनीपर्यंत जाणं त्यांना जमत नव्हतं. भाऊ परदेशातून फोनवर म्हणाला, "देऊन टाक कुणाला तरी. नसता उपद्व्याप." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं! मी त्याच दिवशी सदाशिव पेठेतून तरातरा चालत कसबा पेठेतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन्ही टाक्यांसाठी लोखंडी स्टँड करून घ्यायला गेले.

चार फुटी टाकी म्हणजे पाणी, काच, वाळू धरून दोनशे किलोंच्या वर. एक वर, एक खाली, आणि शेजारी झोपणार माझे वडील. मी लोखंडी अँगलची जाडी तीनदा विचारली.

"मॅडम, हत्ती उभा करा त्यावर," तो वैतागला.

"हत्ती मी आणते. तुम्ही खाली झोपा."

त्याने जास्त जाड अँगल काढला.

स्टँड घरी आला तरी माझा विश्वास बसेना. गुरुवारी पाणी बंद, म्हणून घरात ड्रम असतातच. बाबांचा पलंग पलीकडच्या भिंतीला लावला. स्टँडवर तीन ड्रम वर, तीन खाली ठेवून काठोकाठ भरले आणि झाकणांवर वर्षाच्या गव्हाच्या पिशव्या चढवल्या. स्टँड कलतोय का ते कळायला दोऱ्याला कुलूप बांधून ओळंबा केला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाहिलं. स्टँडचे पाय सरळ होते, फरशीही तडकली नव्हती.

पाचव्या दिवशी मी खुशीत पलंग जागेवर सरकवला. कपाट, दार, खुर्ची, हाताशी येईल ते धरून उठायची बाबांना सवय झाली होती. या वेळी त्यांच्या हाताशी स्टँडचा खांब आला. त्यांनी तो धरून जोर लावला आणि सगळा स्टँड बाजूला डुलला. वरची गव्हाची पिशवी त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर धपकन पडली.

"अहो बाबा, सोडा!" मी किंचाळले.

ते मटकन खाली बसले. "मला वाटलं, धरायला चालेल," एवढंच म्हणाले. चार दिवस पाण्याचं वजन तपासत होते, पण माझा बाप उठतो कसा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वजनाचं बोललात, ओढण्याचं कुठे बोललात?" फॅब्रिकेशनवाला फोनवर म्हणाला. चूक माझी होती, मी कबूल केली. मग तो स्वतः घरी आला. त्याने बाबांना दोनदा बसवलं, उठवलं, हात कुठवर जातो ते पाहिलं आणि खांबावर खडूने खूण करून स्टँड घेऊन गेला. परत आणला तेव्हा मागे आणि दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या होत्या, आणि खुणेच्या जागी एक गुळगुळीत दांडा. भिंतीत बोल्टही त्यानेच आवळले.

मी पुन्हा सहाच्या सहा ड्रम भरले. गहू चढवला. त्याने आणि मी मिळून दांडा जीव खाऊन ओढला. एकही पिशवी हलली नाही. तेव्हा कुठे टाक्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणकेच्या हातांनी दारात उभी राहिले. बाबांनी दांडा धरला आणि उठले. वरच्या टाकीतले गोल्डफिश खाण्यासाठी काचेशी गोळा झाले होते. बाबांनी दांडा एकदा हलवून पाहिला.

"एवढं पक्कं केलंयस," ते म्हणाले, "आता पडायचं झालं तर दुसरीकडे जावं लागेल."

"कुठेही जायचं नाही," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.