मालाला येत होतं ते उत्तर

प्रयोगशाळेत आज अमोनियाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला आमची बीएस्सीची तोंडी परीक्षा आठवली. तेव्हा माझी वर्गमैत्रीण, राळेगावची माला, माझ्या शेजारी उभी होती. आदल्या दिवशी तिनंच मला सगळं समजावलं होतं. बाहेरून आलेल्या सरांनी तिला सोपा प्रश्न विचारला. ती इंग्रजीत सांगायला गेली आणि पहिल्याच शब्दाला अडखळली.

"मराठीत सांग," सर म्हणाले.

"मले नाही येत, सर."

मग सरांनी तोच प्रश्न मला विचारला. मी मालाच्याच शब्दांत उत्तर दिलं आणि शाबासकी घेतली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तुले तं येत होतं."

"तुले तसं वाटते," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ती कॉलेजात आलीच नाही. तेव्हा मला ती भित्री वाटली होती. आज त्याच कॉलेजात शिकवताना कळतं, तिचा स्वतःवर भरवसाच नव्हता. पण तो कुणाला कसा द्यायचा, ते मला अजूनही कळलेलं नाही.